‘कोलंबो’ या अमेरिकन डिटेक्टिव्ह टीव्ही मालिकेतला पीटर फॉक आधी काय करायचा?

कोपरीकर: हा नट म्हणून उशिरा आला म्हणे, खरं का? मी ठाण्यात सरकारी कचेरीत कारकून, गडकरीला हौशी प्रयोग करतो, म्हणून चौकशी.

नौपाड्याचे नाना: खरंय. कनेक्टिकट राज्याच्या बजेट खात्यात नोकरी, संध्याकाळी हौशी नाटकं. तिशीच्या तोंडावर राजीनामा टाकून न्यूयॉर्क गाठलं. उजवा डोळा तिसऱ्या वर्षीच काढलेला, जागी काचेचा. (ती तिरपी नजर!) मालिकेतला चुरगळलेला रेनकोटही त्याचा स्वतःचाच. कोलंबोसाठी ४ एमी (अमेरिकन टीव्ही पुरस्कार) मिळाले.

घोडबंदरची: १९६८ ते २००३, मध्ये खंड पडला तरी भूमिका तीच! आपल्याकडे दोन वर्षांत लीप येतो.

कोपरीकर: आभार नाना. राजीनाम्याचं घरी बोलत नाही.

नाना: पेन्शन बसू द्या आधी.