चर्चा: ‘भात बंद, दोनदाच जेवण’ ही शिस्त की आजाराची पायरी?

पोळीभाजी:
पुण्यात ‘बारीक झालीस गं!’ ही अजून शाबासकीच आहे. वजन का उतरलं, हे कुणी विचारत नाही. भात वाईट, साखर म्हणजे विष, हे आधी डोक्यात बसतं. खाणं बिघडतं नंतर. आधी भात सुटतो, मग पोळी, मग लग्नाकार्यातलं जेवण. दिवसभर काकडी-ताक आणि रात्री अकराला फरसाणाचा डबा रिकामा. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून पुन्हा उपास. एकादशी अन् दुप्पट खाशी, फक्त एकादशी रोजची.

मध्यवस्तीकर:
खापर डाएटवर फोडू नका. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला २००४चा फोटो आठवा. ते आणि ब्रिटिश डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! मधुमेह घरोघरी असताना खाण्याला आवर घालणारा आजारी कसा?

पोळीभाजी:
तोच फोटो सांगतो की वजनावरून आतलं कळत नाही. पोटाचा घेर मोजा, रक्तातली साखर तपासा. आणि ‘आवर’ म्हणाल, तर अमेरिकेतल्या मिनेसोटात १९४४-४५ साली एका प्रयोगात ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे रोज सुमारे १,५७० कॅलरींवर ठेवलं. खाण्याशिवाय काही सुचेना, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. बंदी उठल्यावर काहींचं खाणं थांबेना. फरसाणाच्या डब्याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नका, ती भूक आहे.

मध्यवस्तीकर:
मग डाएट करणाऱ्या सगळ्यांनाच हा खाण्याचा आजार का होत नाही?

ताटवाटी:
आनुवंशिकता असते, स्वभावही असतो. पण रेघ आहे: आवर सुटल्यासारखं भरमसाट खाणं आठवड्यातून एकदा तरी, सलग ३ महिने, म्हणजे डॉक्टर गाठायचा. उपचारात आधी वेळा बांधतात: ३ जेवणं, मध्ये २-३ खाणी, ४ तासांपेक्षा मोठी फट नाही. भूक नसली तरी. वजनकाटा आठवड्यातून एकदाच. भात परत आणायचा तर दुपारी, वाटीभर, घरच्यांबरोबर. रात्री एकट्याने नाही. मुद्दाम उलट्या होत असतील तर पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडतात, रक्त तपासाच. उलटीनंतर चूळ भरा, लगेच ब्रश नको. आम्लाने मऊ झालेलं दातांवरचं कवच घासलं जातं. फार खंगलेल्या माणसाला मात्र घरी एकदम भरवू नका. रक्तातलं फॉस्फेट कोसळतं, जीवावर बेततं.

मध्यवस्तीकर:
उलट्यांचं मान्य. पण दोनदा जेवून साखर आटोक्यात आणणाऱ्याला मी रुग्ण म्हणणार नाही.

पोळीभाजी:
त्याला कोण म्हणतंय? एक उकडीचा मोदक खाल्ला म्हणून तळजाई टेकडीला दोन फेऱ्या जास्त मारणाऱ्यांबद्दल चाललंय.