मदत हवी आहे: मासाच्चोच्या लेखात 'फ्रेस्को'ला काय लिहू?

नमस्कार मंडळी,

विकिपीडियासाठी इटालियन चित्रकार मासाच्चोवरचा लेख वाढवायला घेतलाय. १४०१ साली जन्मलेला आणि १४२८ मध्ये रोममध्ये गेलेला, जेमतेम सव्विशीचा पोरगा. 'थोर चित्रकार' म्हणून दोन ओळींत उरकायचा नाही तो!

अडलोय फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चमधल्या 'पवित्र त्रैक्य' या चित्रापाशी. सपाट भिंतीवर त्याने कमानीचं छत असं रंगवलंय की भिंतीला भोक पडून पलीकडे खोली आहे असंच वाटतं. आखणीसाठी ओल्या गिलाव्यात ओढलेल्या रेघा आजही दिसतात. आता 'भित्तिचित्र' लिहावं तर अजिंठाही त्यातच येतं, आणि तिथे रंग कोरड्या गिलाव्यावर दिलेत. फ्रेस्को म्हणजे गिलावा ओला असतानाच रंगवलेलं चित्र. मग सरळ 'फ्रेस्को'च ठेवू का?

तसंच 'यथादर्शन'चं, म्हणजे सपाट चित्रात खोली भासवायच्या तंत्राचं. शब्द छान आहे, पण इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्या मुलांना 'पर्स्पेक्टिव्ह'च कळतं. (मलाही तेच कळायचं.)

चित्रकलेचे शिक्षक किंवा जे. जे.वाले कुणी असतील तर वर्गात काय म्हणता ते सांगा. आणि इटलीत राहणारं कुणी आहे का इथे? नावाचा उच्चार मासाच्चो की माझाच्चो, तेवढं ऐकून कळवा. शीर्षक त्यावरच अडलंय.