केटलिन क्लार्क आयोवा सोडून चाललीये, लेकीला काय सांगू?

कोरलव्हिलची_आई · ११ एप्रिल २०२४

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, आयोवा सिटीला लागूनच कोरलव्हिलला राहतो. लेक नऊ वर्षांची, जन्म इथलाच.

काल संध्याकाळी आयोवा विद्यापीठाच्या कार्व्हर-हॉकाय अरीनात बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क आणि तिच्या कॉलेजच्या संघाचा कौतुक सोहळा होता. आयोवाच्या मुलींच्या संघात तिचा २२ नंबर यापुढे कुणालाच देणार नाहीत, असं तिथे जाहीर झालं. सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले आणि माझी लेक तेवढी खाली बसली. गाडीपर्यंत गप्प. सीटबेल्ट लावता लावता म्हणाली, "आई, तिचं अजून एक वर्ष होतं ना? मग का चाललीये?"

तिचं चुकत नाहीये. २०२०-२१ चा हंगाम कोविडमध्ये गेला म्हणून एनसीएएने, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेने, तो कुणाच्याच हिशेबात धरला नव्हता. केटलिनला पाचवं वर्ष खेळता आलं असतं. तिने २९ फेब्रुवारीलाच सांगून टाकलं की मी ड्राफ्टला जाणार, म्हणजे व्यावसायिक संघ नव्या खेळाडू निवडतात तिथे. मी लेकीला "मोठं झालं की जावं लागतं" असलं काहीतरी बोलले. ते तिला पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं.

जे हा खेळ बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते, म्हणजे हे एवढं का लागलंय ते कळेल. १५ फेब्रुवारीला मिशिगनशी मॅच होती. एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटातल्या मुलींमध्ये सर्वाधिक गुणांचा केल्सी प्लमचा विक्रम ३,५२७ चा, आणि तो मोडायला केटलिनला आठ हवे होते. यंदाची सगळी तिकिटं हंगामाच्या आधीच संपली होती, पण लॅबमधल्या एका सहकारी बाईंनी आम्हा दोघींना त्यांची दोन दिली. कार्व्हर जमिनीत खोदून बांधलंय. दारातून आत गेलं की आपण सगळ्यात वरच्या पायरीवर असतो आणि कोर्ट खाली, विहिरीच्या तळाशी असावं तसं. आमच्या जागा अगदी काठावरच्या.

बसलो, आणि लेकीच्या कोटाची चेन अस्तरात अडकली. मी ती सोडवत होते. खाली केटलिनने बास्केटजवळून एक टाकला, मग लांबून एक तीन गुणांचा. मी दोन्ही वेळा फक्त आवाज ऐकला. मग लेकीने माझी हनुवटी धरून वर केली, "आई, बघ ना!" चेंडू हवेत होता. कोर्टच्या मध्यावरच्या लोगोजवळून, म्हणजे फार लांबून मारलेला. जाळीत गेला तेव्हा घड्याळात सव्वादोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. त्या रात्री तिने ४९ केले, पण मला आठवतो तो हवेतला चेंडू आणि हनुवटीवरचे थंडगार हात.

३ मार्चला सीनियर डे होता, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलींचा निरोपाचा सामना, ओहायो स्टेटशी. तिकिटाचे भाव आमच्या आवाक्यातले नव्हते, घरीच बघितली. हाफटाइमच्या तोंडावर फ्री थ्रो टाकून तिने पुरुषांमधल्या पीट मॅराविचचा ३,६६७ चा आकडा ओलांडला, म्हणजे एनसीएएच्या त्या वरच्या गटात पुरुष-बायका सगळ्यांच्या पुढे. तेव्हा लेक आनंदाने सोफ्यावर उड्या मारत होती. आता हाय-व्ही सुपरमार्केटमधून आणलेला केटलिनच्या चित्राचा सीरियलचा रिकामा डबा पुस्तकांच्या फळीवर ठेवलाय आणि त्याला हात लावू देत नाही.

आणखी एक सांगते. आम्ही इथे आलो तेव्हा दुकानात, बसस्टॉपवर, कामावर माझ्याशी लोक फक्त थंडीबद्दल बोलायचे. चांगली माणसं, पण विषय तेवढाच. गेली दोन वर्षं काउंटरवरची बाई मला बघितलं की विचारते, "काल पाहिलीत का?" आणि मागे रांग असली तरी आम्ही बोलतो. ते जाईल याचं मला वाईट वाटतंय. लेकीला उत्तर देता येत नाही, त्याचं कारण बहुतेक हेच.

तर, काय सांगू तिला? तुमच्यापैकी कुणाच्या मुलांनी असं विचारलंय का?

---

डीमॉइनकर · ११ एप्रिल

ताई, मी पंचवीस वर्षं डी मॉइनमध्ये आहे, म्हणजे केटलिनच्याच गावात. आमच्याकडे तिच्या शाळेपासूनच्या आठवणी निघतायत, वेस्ट डी मॉइनच्या डाउलिंग कॅथलिकपासूनच्या.

लेकीला पहिली गोष्ट ही सांगा, की केटलिनला २०१९ मध्येच बाहेर जाता आलं असतं. इंडियानातल्या नोत्र दाम विद्यापीठात जाणार असं जवळजवळ ठरलं होतं. मग मन बदललं आणि ती घरापासून दोन तासांवर आयोवा सिटीला राहिली. कुणी जातं तेव्हा आपण जाण्याचाच हिशेब करतो. ती आधी राहिली होती, चार वर्षं, तेही धरायला हवं.

दुसरी गोष्ट आमच्या शेजारच्या आजींची. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या काळी आयोवातल्या मुली सहा-सहाचा खेळ खेळायच्या. तीन मुली फक्त बास्केट टाकणार, तीन फक्त अडवणार, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही, चेंडूचे दोनच टप्पे. हा खेळ १९९३ पर्यंत इथल्या शाळांत चालला. राज्य स्पर्धेला गावंच्या गावं डी मॉइनला लोटायची. आजी अडवणाऱ्यांत होत्या. शाळेची सगळी वर्षं खेळल्या आणि एकही बास्केट टाकलं नाही, कारण त्यांच्या अर्ध्या भागात टाकायची सोयच नव्हती.

फेब्रुवारीत त्यांच्याकडेच मॅच बघत होतो. केटलिनने लोगोवरून मारला तेव्हा आजी खुर्चीतून पुढे सरकून म्हणाल्या, ती बघ, त्या रेघेपाशी उभी आहे.

आयोवात मुलींच्या खेळाला गर्दी केटलिनमुळे आली असं बाहेरचे म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. १९८५ मध्ये कार्व्हरमध्येच ओहायो स्टेटच्या मॅचला २२,१५७ माणसं आली होती, बसायच्या जागांपेक्षा कितीतरी जास्त. केटलिनला ती जमीन तयार मिळाली, आणि तिने पीक काढलं ते कुणी स्वप्नातही बघितलं नव्हतं. तुमची काउंटरवरची बाई पुढच्या हंगामातही विचारेल, बघा.

---

गोदाकाठची · १२ एप्रिल

ताई, मी नाशिकहून. बास्केटबॉलमधलं कळत नाही, पण भाचा अमेरिकेत असल्यामुळे हिचं नाव माहीत झालं. कॉलेजची राष्ट्रीय फायनल हरल्यावर तिचा चेहरा पाहिला आणि पोटात कालवलं. लेकीला सांगा, ही पाठवणी आहे. मुलगी सासरी गेली तरी माहेर तिचंच असतं.

---

पाचनंबरी_पुणे · १२ एप्रिल

गोदाकाठच्या ताई, तुमचा जिव्हाळा कळतो, पण मला पाठवणी हा शब्द इथे नको वाटतो. ती कामावर चाललीये. स्वतःच्या कामावर, जे तिला येतं आणि आवडतं त्याच.

मी डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर शिकले. दहाव्या वर्षापासून संध्याकाळी साडेपाच म्हणजे कोर्ट, पावसाळ्यात फरशी पुसून खेळायचो. पुढे कॉलेज, विद्यापीठ. शेवटच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेनंतर घरी आले, बूट धुतले आणि गॅलरीत वाळत ठेवले. पुढच्या सोमवारी ते घालून कुठे जायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. आमच्या संघातल्या बारापैकी दोघी रेल्वेत लागल्या म्हणून खेळत राहिल्या. आपल्याकडे मुलींना तोच मोठा आधार. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ उगाच इतका भारी नसतो. आमच्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, तिचा आम्हाला केवढा अभिमान आहे. पण बाकीच्या आम्ही कॉलेजबरोबर संपलो, आणि कुणी निरोपही दिला नाही, कारण आम्ही कुठे जातच नव्हतो.

तिकडेही सगळं सोपं नाही. डब्ल्यूएनबीए म्हणजे तिकडची बायकांची व्यावसायिक लीग, तिच्यात २०२४ च्या या हंगामात १२ संघ, प्रत्येकी १२ मुली, म्हणजे सगळ्या मिळून १४४ जागा. पहिल्या नंबरला निवडलेल्या मुलीचा पहिल्या वर्षीचा पगार ७६,५३५ डॉलर. जाहिरातींचे करार तर केटलिनला कॉलेजात असतानाच होते, त्यामुळे पैशासाठी गेली असं कुणी म्हणालं तर लेकीला ऐकू देऊ नका. राहिली असती तरी पैसे मिळालेच असते. कॉलेजमध्ये तिला मोडायला आता काय उरलंय? ३,९५१ गुण! आता तिला तिच्याहून दहा वर्षं जास्त खेळलेल्या बायकांसमोर उभं राहायचंय. खेळणाऱ्या माणसाला तीच ओढ असते. मला होती.

लेक खेळते का हो?

---

कोरलव्हिलची_आई · १२ एप्रिल

हो, खेळते. ड्राइव्हवेमध्ये बास्केट लावलंय. शेजाऱ्यांच्या पत्रपेटीपाशी उभी राहून मारते, त्याला ती "लोगो" म्हणते. अजून एकदाही गेला नाही तिथून. तुमचं बुटांचं वाचलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ उभी राहिले. आज तिला वाचून दाखवते.

---

इंडीचा_काका · १३ एप्रिल

सोमवारी ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी निवडायचा मान, म्हणजे पहिला नंबर, आमच्या डब्ल्यूएनबीएतल्या इंडियाना फीव्हर संघाचा आहे, तेव्हा ती कुठे येणार हे सगळ्यांनाच माहीत आहे. मी इंडियानापोलिसचा, फीव्हरच्या मॅचना जुन्या काळापासून जातो. २०१२ मध्ये टमीका कॅचिंग्जच्या संघाने विजेतेपद आणलं तेव्हाही होतो, आणि गेल्या हंगामात ४० पैकी २७ हरलो तेव्हाही. त्या मोठ्या फील्डहाउसमध्ये चार-एक हजार माणसं विखरून बसलेली असायची. माझ्या शेजारच्या खुर्चीवर मी कोट ठेवायचो.

लेकीला हे आवडेल. गेल्या वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला नंबर आमचाच होता आणि आम्ही साउथ कॅरोलायनाची आलिया बॉस्टन घेतली. म्हणजे २०२३ च्या कॉलेजच्या सेमीफायनलला केटलिनने ४१ गुण मारून जिला ७७-७३ असं घरी पाठवलं, तीच. आता केटलिनचे पास तीच घेणार. आलियाचे हात फार चांगले आहेत, चेंडू निसटत नाही.

तुमच्याकडून गाडीने सहा तास. यायचं असेल तर आमच्याकडेच उतरा, हॉटेल करायचं नाही. जवळचं हवं असेल तर फीव्हर शिकागोलाही खेळायला जाते, ते तुम्हाला साडेतीन-चार तासांवर. आणि यंदा ४० पैकी ३६ मॅचेस राष्ट्रीय चॅनलवर आहेत, घरूनही बघता येईल. आम्ही तिची नीट काळजी घेऊ, ताई.

---

कोरलव्हिलची_आई · १६ एप्रिल

काका, डीमॉइनकर दादा, पुण्याच्या ताई, गोदाकाठच्या ताई, मनापासून आभार. काल काय झालं ते सांगते.

ड्राफ्ट आमच्याकडे साडेसहाला सुरू झाला. शाळेच्या रात्री एरवी आठला झोपायचं असतं, काल सूट दिली. आमटी-भात ताटात घेऊन टीव्हीसमोर. केटलिनचं नाव पहिलंच आलं. लेक टाळ्या वाजवून परत जेवायला लागली. मला वाटलं रडेल, पण नाही. "हे माहीतच होतं," म्हणाली.

मग मी भांडी घासायला गेले. तासाभराने आतून जी किंकाळी आली ती ऐकून हातातलं पातेलं सुटलं. अठराव्या नंबरला लास व्हेगास एसेस संघाने केट मार्टिनला घेतलं! केट आमच्या आयोवाच्या संघाची कर्णधार. तिला ड्राफ्टचं बोलावणं नव्हतंच, ब्रुकलिनला ती फक्त केटलिनसाठी गेली होती, प्रेक्षकांत बसली होती. प्रेक्षकांतून उठून वर आली. आम्ही दोघी ओल्या हातांनी मिठी मारून उड्या मारत होतो.

झोपताना लेक बराच वेळ छताकडे बघत होती. मग तिनेच विषय काढला. केट आयोवात सहा वर्षं होती, एक हंगाम दुखापतीत गेला, आणि कोविडचं जादा वर्षही तिने घेतलं. लेकीला हे सगळं पाठ आहे. म्हणाली, "आई, केटने एक वर्ष जास्त घेतलं. केटलिनने नाही घेतलं. आणि दोघी एकाच रात्री गेल्या."

मी "हो" म्हटलं.

"म्हणजे ज्याची त्याची वेळ असते?"

मी पुन्हा "हो" म्हटलं. पुण्याच्या ताईंचे वाळत घातलेले बूट तिला आधीच सांगितले होते. ते तिने धरून ठेवले असणार, कारण पुढचा प्रश्न होता, "त्या ताई आता कधीच खेळत नाहीत?" ताई, याचं उत्तर मात्र तुम्हीच द्या, मी तिला तुमच्या नावावर ठेवलंय.

काका, जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली की येतो. चौघं आहोत, चालेल ना? तिने केटलिनला एक पत्र लिहिलंय, ते फीव्हरच्या पत्त्यावर टाकू. वाचायला दिलं नाही, पण पाकिटावर काय चिकटवू असं विचारत होती. सीरियलच्या डब्यावरचं केटलिनचं चित्र कापायला निघाली होती, मग थांबली आणि डबा परत फळीवर ठेवला.

---

पाचनंबरी_पुणे · १६ एप्रिल

लेकीला सांगा, रविवारी सकाळी सातला जिमखान्यावर येतेय. बूट नवे घ्यावे लागतील.