समितीच्या यादीत माझंच नाव नाही, काय करावं?

खानापूरकरीण: बेळगाव जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. जांबोटीच्या रानात फिरून मी केलेल्या वनस्पतींच्या नोंदी नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, अहवालात दुसऱ्याच्या नावानं गेल्या. बैठकीत विचारलं, त्याला दोन वर्षं झाली. भांडण कुणीच केलं नाही, बोलणं बंद केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मला वगळून नवा ग्रुप काढला. परीक्षा समिती, एनएसएस, सहल, कशातच मी नाही. अकराचा चहा सहाजणांत पाच कप येतो. शिपाईमामा नंतर गुपचूप स्टीलच्या पेल्यात आणून प्रयोगशाळेच्या दारात ठेवतात. तो पेला बघितला की रडू येतं. इथं कन्नड-मराठीचा वाद नाही, वाळीत टाकणाऱ्यांत मराठीच पुढं आहेत. मन लावून शिकवत राहू, की बदलीच्या खटपटीला लागू?

निपाणीचे निवृत्त मास्तर: बाई, चहाचं दुःख खरंच, पण समितीचं जास्त मनावर घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी शिकवण्याबरोबर परीक्षा, एनएसएस, प्रशासकीय काम असल्या गोष्टीही मोजतात. वर्षाला तीन असतील तर 'चांगले', एक-दोन असतील तर 'समाधानकारक', एकही नसेल तर 'असमाधानकारक'. म्हणजे ही नुसती अबोल्याची गोष्ट नव्हे, तुमच्या पगारावर घाला आहे. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, 'मला अमुक समितीत काम द्यावं' म्हणून. आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी काही नको.

चिकोडीची ताई: माझंही असंच झालं होतं. अक्का, वहीत तारखा लिहून ठेव. मी ठेवल्या नव्हत्या, चौकशीत 'कधी?' म्हटल्यावर गप्प झाले. मामांना मात्र साक्षीला ओढू नको, त्यांची नोकरी आहे.

बेळगाव शहापूर: अनुदानित आहे म्हणजे माहितीचा अधिकार लागतो. दहा रुपयांच्या अर्जावर गेल्या दोन वर्षांचे समित्यांचे आदेश मागवा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

खानापूरकरीण: मास्तर, हे पदोन्नतीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. परीक्षा समितीसाठी अर्ज लिहिलाय, सोमवारी आवक-जावकला देते. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून चिकटवलेल्या वनस्पतींच्या, शीटांवर माझ्या हातची तारीख आणि गावाचं नाव आहे, त्यांचे फोटोही काढून ठेवलेत. ताई, मामांचं नाव कुठंच घेणार नाही.