मदत हवी आहे: बागेतल्या नेपाळी बाळंतिणीला वरच्या दुधाचा डबा कसा सोडवावा?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळ आमची हापूसची बाग आहे. राखणीला नेपाळी जोडपं आहे, मांगरातच, म्हणजे बागेतल्या खोपटातच राहतं. बायकोचं पहिलंच बाळंतपण फेब्रुवारीत इथे झालं. चीक वेळेवर पाजला, मध नाही, गुटी नाही. मुलगी अंगावर छान पीत होती.

आंब्यांची तोड सुरू झाली आणि सगळं बिनसलं. ती आंबे निवडायला शेडमध्ये येते, मांगर तिथून बराच खाली. शेडमध्ये गडीमाणसं, त्यांच्यासमोर ती पाजत नाही. छाती भरून येते, कुर्ता भिजतो, ती ओढणी पुढे घेऊन पेटी भरत राहते. रडून दमलेलं मूल मग नीट ओढत नाही, आणि हिने मनाने घेतलं की दूध आटलं. नवऱ्याने पावडरचा डबा आणि बाटली आणली. आता मुलगी छातीशी धरली की तोंड फिरवते. त्यात उकाडा म्हणून कुणीतरी पाणीही पाजायला सांगितलं.

आई, सासू दोघी तिकडे गावी. माझी अळिवाची खीर तिच्या घशाखाली उतरेना. तिच्याकडे बाळंतिणीला ओव्याचा रस्सा देतात, तो तिला विचारून केला, तेव्हा कुठे मोकळेपणी बोलली. आशाताई नियमित येतात, पण मराठीत सांगतात आणि ही नुसती मान डोलावते.

पाजायला गेलीस तरी मजुरी कापणार नाही, हे मी सांगितलंय. तरी उठायला घाबरते. डबा सुटेल का? काढलेलं दूध या हवेत किती टिकतं? बागायतदारांपैकी कुणी शेडमध्ये काही सोय केली आहे का?

प्रतिसाद १
ताई, मी नर्स आहे. कुर्ता भिजतोय म्हणजे दूध आटलेलं नाही. बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं. छाती तशीच भरलेली राहिली की हळूहळू कमी होतं. डबा एकदम बंद करू नका, आधी बाटली काढा. दर वेळी पहिलं अंगावर, मग लागेल तेवढं वरचं, तेही बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) किंवा वाटी-चमच्याने. रात्री तर अंगावरच, तेव्हा दूध चांगलं उतरतं. दिवसभरात सहा-सात वेळा लघवी होते का बघा आणि दर आठवड्याला वजन करा. वजन वाढत असेल तरच वरचं कमी करत जा, नाहीतर लगेच डॉक्टर. पाणी आजच बंद, सहा महिने थेंबही नको. काढलेलं दूध या उकाड्यात झाकून दोन-तीन तासांत संपवा, नाहीतर फ्रीजमध्ये. आणि डबा महाग म्हणून पातळ करून पाजत नाहीत ना, ते नक्की विचारा.

प्रतिसाद २
आम्ही रिकाम्या पेट्यांचा आडोसा करून तिथेच साडीची झोळी बांधली. बायका मध्येच उठून पाजतात, काम काही अडत नाही. फवारणीच्या दिवशी मात्र झोळी तिथे नको, आणि औषध मारून आलेल्याने अंघोळ करून, कपडे बदलूनच मूल घ्यावं. जवळपास इथेच मुलं वाढवलेली एखादी जुनी नेपाळी बाई असेल तर आशाताई येतील तेव्हा तिला बोलवा. आपल्या दहा सल्ल्यांपेक्षा तिचं एक ऐकेल.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पाणी बंद केलं. डब्याचं विचारलं: दोन चमच्यांच्या जागी एकच घालत होते. उद्या सकाळी वजनाला घेऊन जाते.