मदत हवी आहे: व्हायोलिनवरून व्हायोलाकडे येताना आल्टो क्लेफ कसा पक्का करावा?

नमस्कार मंडळी. मी पाश्चात्य पद्धतीचं व्हायोलिन वाजवतो. आमच्या चौघांच्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये आता व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, खालच्या स्वरांचा) माझ्याकडे आला आहे. त्याचा आवाज मला फार आवडतो, पण नोटेशन वाचताना अडतो.

तत्त्व समजलं आहे: क्लेफ म्हणजे पाच रेघांच्या सुरुवातीचं चिन्ह, कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते सांगणारं. ट्रेबल क्लेफचं वेटोळं खालून दुसऱ्या रेघेभोवती असतं, ती रेघ जी. बास क्लेफचे दोन ठिपके एफच्या रेघेच्या वर-खाली. आल्टोमध्ये मधली रेघ म्हणजे मिडल सी (पियानोच्या मधोमध असणारा सी). व्हायोलाच्या तारा सी, जी, डी, ए. त्यामुळे बहुतेक सुरावट पाच रेघांत मावते, ही सोय खरंच सुंदर आहे. अडचण डोळ्यांची आहे: मधल्या रेघेवरचा स्वर दिसला की ट्रेबलच्या सवयीने बोट बी स्वराकडे धावतं.

एका व्हायोलिनवाल्या मित्राने युक्ती सांगितली: पान ट्रेबलच समजायचं आणि बोटं व्हायोलिनच्या थर्ड पोझिशनसारखी (डावा हात तारांवर थोडा पुढे सरकवल्यावर पडतात तशी) ठेवायची. व्हायोलाच्या फर्स्ट पोझिशनमध्ये, म्हणजे हात सुरुवातीच्या जागी असताना, हे बरोबर जुळतं. पण शार्प-फ्लॅट (स्वर अर्धा वर किंवा खाली नेणारी चिन्हं) आले की गोंधळ होतो, शिवाय उंच स्वरांसाठी मध्येच खरा ट्रेबल क्लेफ येतो तेव्हा काय करायचं?

जे दोन्ही वाद्यं वाजवतात त्यांना विचारायचं आहे: ही युक्ती पुढे नडते का? की सुरुवातीपासून स्वरांची नावं मोठ्याने म्हणत वाचावं? सरावासाठी सोपे तुकडे कुठले घ्यावेत, तेही सांगा. चेलोवाल्यांनी टेनर क्लेफ (ज्यात खालून चौथी रेघ मिडल सी) कसा बसवला, हेही ऐकायला आवडेल.