मदत हवी आहे: खांद्यांच्या दिवशी नेमके कोणते व्यायाम घ्यावेत?

नमस्कार मंडळी. लालबागच्या एका जुन्या व्यायामशाळेत दीड वर्ष जातोय. आता गुरुवार फक्त खांद्यांसाठी ठेवायचाय. सध्या बारबेल ओव्हरहेड प्रेसचे (वजन डोक्यावर ढकलणं) ४ सेट, मग डंबेल प्रेस, मग फ्रंट रेज (हात समोर उचलणं). पण सोमवारी बेंच प्रेस (बाकावर झोपून वजन वर ढकलणं) असतोच, त्यात खांद्याचा पुढचा भाग भरपूर राबतो. म्हणून फ्रंट रेज काढूनच टाकावं, असं माझं मत झालंय. बाजूचा आणि मागचा भाग मात्र पार मागे पडलाय.

लॅटरल रेज (हात बाजूला उचलणं) डंबेलने करावं की केबलवर? डंबेल खाली असताना बाजूच्या स्नायूवर जवळजवळ ताणच नसतो, केबलवर तो तिथेही राहतो. पण आमच्याकडे केबल मशीन एकच आणि संध्याकाळी ७ नंतर त्यावर रांग. मागच्या भागासाठी फेस पुल (केबलची दोरी चेहऱ्याकडे ओढणं) घेऊ की पुढे वाकून रिव्हर्स फ्लाय (हात बाजूंनी मागे उचलणं)?

आणखी एक. अपराइट रो (वजन शरीराजवळून हनुवटीकडे उचलणं) करताना उजव्या खांद्यात वरच्या बाजूला टोचायचं, म्हणून तो बंद केला. तरी लोकलमध्ये वरची कडी धरून परळ ते ठाणे उभं राहिलं की अजून जाणवतं. डॉक्टरांना दाखवेपर्यंत प्रेस थांबवावा का? कोणी यातून गेलं असेल तर जरूर सांगा. माझ्याकडे पाऊण तास असतो, त्यात एकूण सेट किती बसवावेत?